आतड्यातले विषाणू माणसांत आणि प्राण्यांत इतके वेगवेगळे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोटाव्हायरस हा जुलाब आणणारा विषाणू. तपासणीच्या कागदावर ‘रोटाव्हायरस पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले असते. गोठ्यातल्या वासराच्या नमुन्यावरही तेच, आजारी बाळाच्या नमुन्यावरही तेच. नाव एक असले तरी त्यामागे किती कुळे, पोटकुळे आणि सोयरिकी दडलेल्या असतात, हे जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर, वाचल्याशिवाय कळत नाही. विद्यार्थी, पशुवैद्यक, डॉक्टर आणि पालक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथला विषयच तसा आहे.

आतड्यातले विषाणू म्हणजे नेमके कोणते?

ढोबळमानाने त्यांच्या तीन जमाती आहेत. पहिली जमात आपल्या किंवा प्राण्यांच्या पेशींत शिरणाऱ्यांची. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, सॅपोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरसचे ४० आणि ४१ हे प्रकार, एंटरोव्हायरस आणि आतड्यावाटे शिरून यकृत गाठणारा हिपॅटायटिस ई यात येतात. डुक्कर, गाय, कुत्रा, मांजर यांच्यातले आतड्याचे कोरोनाव्हायरसही यातलेच.

दुसरी जमात आतड्यातल्या जीवाणूंवर जगणाऱ्यांची, म्हणजे बॅक्टेरियोफाजची. संख्येने हेच सर्वांत जास्त. एक ग्रॅम विष्ठेत अब्जाच्या घरात विषाणुकण असतात आणि त्यातले बहुतेक फाज असतात.

तिसरी जमात नुसती वाटसरू आहे. २००६ मध्ये निरोगी माणसांच्या विष्ठेतले आरएनए विषाणू तपासले, तेव्हा सर्वांत जास्त सापडला तो मिरचीवर्गीय झाडांवर पडणारा ‘पेपर माइल्ड मॉटल’ विषाणू. तो अन्नातून येतो आणि शाबूत बाहेर पडतो. म्हणून ‘विष्ठेत सापडला’ आणि ‘आतड्याला संसर्ग झाला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. या विषयातला बराचसा गोंधळ ही दोन विधाने एक मानल्याने होतो.

जनुकीय विविधता मोजतात कशी?

दोन विषाणूंच्या जीनोममधली न्यूक्लिओटाइडची अक्षरे एकमेकांसमोर मांडायची आणि किती जुळतात ते पाहायचे. नोरोव्हायरसचा जीनोम साधारण ७,५०० अक्षरांचा असतो. रोटाव्हायरसचा सुमारे १८,५०० अक्षरांचा, तोही ११ स्वतंत्र तुकड्यांत. आतड्याच्या अ‍ॅडिनोव्हायरसचा ३४ हजारांच्या आसपास, तर कोरोनाव्हायरसचा ३० हजारांच्या आगेमागे.

फरक किती असला की प्रजाती वेगळी धरायची आणि किती असला की फक्त प्रकार वेगळा, हे तज्ज्ञांच्या समित्यांनी ठरवलेले असते. रोटाव्हायरसमध्ये व्हीपी६ या प्रथिनातली अमिनो आम्ले ५३ टक्क्यांहून कमी जुळली, तर प्रजाती वेगळी मानतात. व्हीपी७ या कवचावरच्या प्रथिनाच्या जनुकातली अक्षरे ८० टक्क्यांहून कमी जुळली, तर जीनोटाइप, म्हणजे प्रजातीतला जनुकीय प्रकार, वेगळा. हे उंबरठे माणसाने आखलेले आहेत. त्यामुळे ‘नवा जीनोटाइप सापडला’ ही बातमी वाचून लगेच घाबरायचे कारण नाही. एखादा विषाणू उंबरठ्याच्या पलीकडे गेला एवढाच तिचा अर्थ. त्याच्यामुळे होणारा आजार अधिक तीव्र आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

आणखी एक पातळी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकाच रुग्णाच्या आतड्यातसुद्धा विषाणूची एकच प्रत नसते. थोड्याथोड्या फरकांच्या असंख्य प्रती एकत्र नांदत असतात आणि आपण ‘क्रम’ म्हणून जो लिहितो, तो त्या गर्दीतला बहुमताचा क्रम असतो.

ही विविधता येते कुठून?

मुख्य वाटा तीन.

पहिली उत्परिवर्तनाची. आरएनए विषाणूचे प्रत काढणारे विकर (एन्झाइम) चुकते आणि बहुतेकदा ती चूक सुधारत नाही. साधारण १० हजार ते १० लाख अक्षरांमागे एक चूक होते. एका आजारी बाळाच्या विष्ठेतून अब्जावधी कण बाहेर पडतात हे लक्षात घेतले, तर एका संसर्गात किती नव्या प्रती जन्माला येत असतील याचा अंदाज येतो. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. ज्या निभावतात त्या साचत जातात. कोरोनाव्हायरसकडे चूक दुरुस्त करणारे विकर असते, म्हणूनच त्यांना इतका लांब जीनोम परवडतो.

दुसरी वाट पुनर्संयोजनाची. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले आणि प्रत काढणारे विकर मध्येच एका धाग्यावरून दुसऱ्यावर गेले, की अर्धा जीनोम एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा होतो. नोरोव्हायरसमध्ये हे ठरावीक सांध्यावर, प्रत काढणारी प्रथिने जिथे संपतात आणि कवचाचे जनुक सुरू होते तिथे, वारंवार घडते. म्हणून नोरोव्हायरसला आता दुहेरी नाव देतात, एक कवचावरून आणि दुसरे पॉलिमरेजवरून, म्हणजे प्रत काढणाऱ्या विकरावरून. हा प्रकार फक्त जवळच्या नातलगांत चालतो असेही नाही. डुकरांमधल्या एंटरोव्हायरस जीच्या काही जीनोममध्ये टोरोव्हायरसच्या एका प्रोटिएज विकराचा तुकडा जसाच्या तसा बसलेला आढळला आहे. टोरोव्हायरस पूर्णपणे वेगळ्या कुळातला. दोघे डुकराच्या एकाच आतड्यात भेटले एवढेच त्यांचे नाते.

तिसरी वाट जीनोमचे तुकडे असलेल्या विषाणूंनाच मोकळी आहे, ती म्हणजे तुकड्यांची अदलाबदल. ११-११ पत्त्यांचे दोन गठ्ठे पिसून पुन्हा ११ पत्ते वाटावेत, तसे रोटाव्हायरसचे दोन वाण एका पेशीत मिसळले तर हिशेबाने २,०४८ जोडण्या शक्य असतात. प्रत्यक्षात फार थोड्या टिकतात, कारण एका वाणाच्या प्रथिनांचे दुसऱ्याच्या प्रथिनांशी जमावे लागते. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. विविधता अमर्याद नसते. विषाणूच्या आतली जुळणीच तिला लगाम घालते.

डीएनए विषाणू बदलत नाहीत, हे खरे का?

सरसकट खरे नाही. दुहेरी धाग्याचे मोठे डीएनए विषाणू, उदाहरणार्थ अ‍ॅडिनोव्हायरस, सावकाश बदलतात. त्यांची विविधता बरीचशी पुनर्संयोजनातून येते. पण एकेरी धाग्याच्या छोट्या डीएनए विषाणूंचा वेग आरएनए विषाणूंच्या जवळ जातो.

कुत्र्यांचा पार्व्होव्हायरस हे त्याचे ठळक उदाहरण. त्याचा जीनोम जेमतेम ५ हजार अक्षरांचा. मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया विषाणूसारख्या पूर्वजाच्या कवचात मोजकी अमिनो आम्ले बदलली, कुत्र्याच्या पेशीवरचा ट्रान्सफेरिन ग्राहक, म्हणजे आत शिरण्यासाठी धरायचा रेणू, त्याला पकडता येऊ लागला आणि १९७८ मध्ये तो एकाएकी जगभर पसरला. दोनेक वर्षांत ‘२ए’ या नव्या रूपाने मूळ रूपाची जागा घेतली आणि या नव्या रूपाला मांजरांनाही संसर्ग करता येऊ लागला. प्राणिजातींमधली भिंत ओलांडण्यासाठी किती थोडा बदल पुरतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

रोटाव्हायरसच्या अहवालातले ‘जी१पी[८]’ म्हणजे काय?

रोटाव्हायरसच्या बाहेरच्या कवचावर दोन प्रथिने असतात. व्हीपी७ वरून ‘जी’ क्रमांक ठरतो, व्हीपी४ वरून ‘पी’ क्रमांक. या दोन्हींविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते, म्हणून वर्गीकरण आधी यांच्यावर उभे राहिले. हा विषाणू माणसांत १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत पाहिला. माणसांत जी१, जी२, जी३, जी४, जी९, जी१२ आणि त्यांच्या जोडीला पी[८], पी[४], पी[६] हे नेहमीचे. गायींत जी६, जी८, जी१० जास्त दिसतात, डुकरांत जी४, जी५, जी९, जी११ यांचा भरणा असतो.

कवच पाहून आतले कळत नाही, म्हणून २००८ पासून सगळ्या ११ तुकड्यांना स्वतंत्र क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे एक मोठी गोष्ट उघड झाली. माणसांतले बहुतेक वाण दोन मोठ्या घराण्यांत विभागले जातात, ‘डब्ल्यूए’ आणि ‘डीएस-१’. पहिल्या घराण्याचे बरेच तुकडे डुकरांच्या वाणांशी पूर्वज वाटून घेतात, दुसऱ्याचे गायींच्या वाणांशी. आज आपण ज्याला ‘माणसाचा रोटाव्हायरस’ म्हणतो, त्याच्या वंशावळीत पाळीव जनावरे आधीपासून आहेत.

रोटाव्हायरसच्या इतर प्रजातीही आहेत. माणसांत ए प्रजातीशिवाय बी, सी आणि एच आढळल्या आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमध्ये बी प्रजातीने प्रौढांत मोठी साथ आणली होती. लहान मुलांच्या आजारात मात्र ए प्रजातीचाच वाटा प्रचंड आहे.

एवढे प्रकार असताना रोटाव्हायरसची लस काम कशी करते?

कारण प्रतिकारशक्ती फक्त जी आणि पी क्रमांकांवर अवलंबून नसते. एका नैसर्गिक संसर्गानंतर दुसरा झाला तर तो सहसा सौम्य असतो, प्रकार वेगळा असला तरीही. रोटारिक्स ही लस एकाच मानवी जी१पी[८] वाणापासून बनली आहे, तरी तिच्यामुळे इतर प्रकारांच्या गंभीर आजारापासूनही संरक्षण मिळते. रोटाटेक या दुसऱ्या लसीत गायीच्या वाणावर माणसाच्या वाणांची कवच-जनुके बसवलेले पाच पुनर्रचित विषाणू आहेत.

रोटाव्हॅक या भारतीय लसीची गोष्ट या विषयाच्या गाभ्याशीच जाते. १९८० च्या दशकात दिल्लीत लक्षणे नसलेल्या नवजात बाळांत ‘११६ई’ हा वाण सापडला. त्याचा प्रकार जी९पी[११]. त्याचे व्हीपी४ जनुक गायीच्या विषाणूकडून आलेले, बाकीचे माणसाच्या. प्रयोगशाळेत कुणी जुळवलेले नव्हते. निसर्गातच तुकड्यांची अदलाबदल झाली होती. बाळांना आजारी न पाडता संरक्षण देणारा हा वाण पुढे लस झाला आणि २०१८ मध्ये त्या लसीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली. प्राण्यांचे आणि माणसांचे विषाणू मिसळतात म्हटले की लोकांना धोकाच आठवतो. तीच मिसळण लाखो मुलांच्या उपयोगी पडली, हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवे.

नोरोव्हायरस एकदा होऊन गेला तरी पुन्हा का होतो?

कारण पुढच्या वेळी येणारा बहुधा तो नसतोच. २०१९ च्या वर्गीकरणानुसार नोरोव्हायरसचे १० जनुकगट आणि कवचावरून ओळखले जाणारे ४९ जीनोटाइप आहेत. माणसांना मुख्यतः पहिला आणि दुसरा गट त्रास देतो. तिसरा गायी-मेंढ्यांत, पाचवा उंदरांत, सहावा आणि सातवा कुत्र्या-मांजरांत, दहावा वटवाघळांत. दुसऱ्या गटातले काही जीनोटाइप फक्त डुकरांत सापडतात.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून दुसऱ्या गटातल्या चौथ्या जीनोटाइपने, म्हणजे जीटू.४ ने, जगभरच्या साथींवर दीर्घकाळ वर्चस्व ठेवले. त्याची पद्धत ठरलेली दिसते. कवचाच्या बाहेर डोकावणाऱ्या भागात काही अमिनो आम्ले बदलतात, लोकांकडे असलेली प्रतिपिंडे नीट चिकटेनाशी होतात, नवे रूप पसरते आणि जुने मागे पडते. २००२ मध्ये फार्मिंग्टन हिल्स, २००४ मध्ये हंटर, २००६ मध्ये डेन हाग, २००९ मध्ये न्यू ऑर्लिन्स, २०१२ मध्ये सिडनी, अशी ही रूपे एकामागून एक आली. २०१४-१५ च्या हिवाळ्यात चीन आणि जपानमध्ये जीटू.१७ ने अचानक मुसंडी मारली, तेव्हा पुढे हाच जगभर पसरेल असे अनेकांना वाटले. त्या वेळी तसे सगळीकडे झाले नाही.

जीटू.४ असे रूप बदलत असताना काही जीनोटाइप मात्र वर्षानुवर्षे जवळपास तसेच राहतात. नोरोव्हायरस सगळेच सारखे चपळ आहेत, हा समज म्हणून चुकीचा आहे. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांत हा विषाणू कित्येक महिने राहतो आणि त्या एका शरीरात बराच बदलतो. नव्या रूपांचा उगम तिथे होतो का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

या सगळ्याचा अभ्यास इतकी वर्षे का रखडला, हेही सांगायला हवे. ओहायोतल्या नॉरवॉकच्या शाळेत १९६८ मध्ये साथ आली, १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण पाहिले, पण मानवी आतड्याच्या पेशींत हा विषाणू वाढवायला २०१६ उजाडले. मूलपेशींपासून तयार केलेल्या छोट्या कृत्रिम आतड्यांमुळे ते जमले.

काही लोकांना घरात सगळे आजारी असतानाही नोरोव्हायरस का होत नाही?

इथे विविधता विषाणूची नसून आपली आहे. नोरोव्हायरस आतड्याच्या पेशींवरच्या रक्तगटाशी संबंधित शर्करांना चिकटतो. त्या शर्करा आतड्यात दिसण्यासाठी एफयूटी२ नावाचे जनुक चालू असावे लागते. ज्यांच्यात ते बंद असते, त्यांना जीटू.४ सह अनेक प्रकारांचा संसर्ग सहसा होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण २० टक्के असतात. संरक्षण पूर्ण नसते. काही जीनोटाइप या वाटेशिवायही शिरतात.

रोटाव्हायरसचे व्हीपी४ सुद्धा याच शर्करांशी व्यवहार करते. पी[८] आणि पी[४] ला एफयूटी२ चालू असलेली मुले सोयीची, तर पी[६] ला ल्युइस शर्करा (याच गटातल्या आणखी एका प्रकारच्या शर्करा) नसलेली मुलेही चालतात. आफ्रिकेत पी[६] इतरत्रपेक्षा जास्त दिसतो, त्याचे एक कारण हेच मानले जाते. कोणत्या लोकसमूहात विषाणूचा कोणता प्रकार टिकेल, हे असे दोन्हीकडच्या जनुकांवर ठरते.

प्राण्यांचे आतड्याचे विषाणू माणसांत येतात का?

येतात. पण ‘येणे’ या एका शब्दात तीन वेगळ्या घटना एकत्र होतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

पहिली घटना म्हणजे संपूर्ण प्राणिज विषाणू एखाद्या माणसात आढळणे. रोटाव्हायरसमध्ये हे अधूनमधून होते. कुत्र्या-मांजरांतले जी३पी[३] वाण मुलांत सापडले आहेत, गायींचे जी६ आणि जी१० सुद्धा. बहुतेक वेळा साखळी तिथेच तुटते. त्या मुलापासून पुढे फारसे कुणाला होत नाही.

दुसरी घटना म्हणजे विषाणूचा एखादा तुकडाच येणे. सतत माणसांत फिरणारा वाण एखाद-दुसरे जनुक प्राण्याच्या वाणाकडून घेतो आणि मग तो माणसांत सहज पसरू शकतो, कारण बाकीचा सगळा संच माणसाला सरावलेला असतो. माझ्या मते लक्ष ठेवायचे ते इथे.

तिसरी घटना नेहमीच्या ये-जा करण्याची. हिपॅटायटिस ई मध्ये ती स्पष्ट दिसते. त्याचे पहिला आणि दुसरा जीनोटाइप फक्त माणसांतले. दूषित पाण्यातून त्यांच्या मोठ्या साथी येतात. तिसरा आणि चौथा डुक्कर, रानडुक्कर आणि हरणांत राहतात आणि कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसांत येतात. जपानमध्ये २००३ मध्ये कच्चे हरणाचे मांस खाल्लेले लोक आजारी पडले. गोठवून ठेवलेले उरलेले मांस तपासले तेव्हा त्यातला विषाणू आणि रुग्णांतला विषाणू एकच निघाला. उंदरांतला हिपॅटायटिस ई मात्र वेगळ्या प्रजातीचा. तो माणसाला होणार नाही असे समजले जात होते, पण २०१८ मध्ये हाँगकाँगमध्ये यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात तो सापडला.

कोरोनाव्हायरसमधले उदाहरण हैतीतले. २०१४-१५ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांत तीन मुलांच्या शरीरात डुकरांचा डेल्टाकोरोनाव्हायरस आढळला. जीनोमवरून तो किमान दोन वेगवेगळ्या वेळी माणसांत आला होता हे कळले.

प्राण्यांतल्या नोरोव्हायरसने माणसांत आजार आणल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही. उलट दिशेने, माणसांचे नोरोव्हायरस कुत्र्यांच्या आणि डुकरांच्या विष्ठेत सापडले आहेत.

घरातल्या कुत्र्याला पार्व्हो झाला तर मुलांना धोका आहे का?

नाही. कुत्र्यांचा पार्व्होव्हायरस माणसाला आजारी पाडत नाही. लहान मुलांच्या गालांवर लाली आणणारा पार्व्होव्हायरस बी१९ हा वेगळ्या प्रजातीचा आहे, त्याचा कुत्र्यांशी संबंध नाही. विष्ठा साफ केल्यावर साबणाने हात धुणे मात्र आवश्यकच, कारण त्याच विष्ठेत इतर जंतू असू शकतात.

वटवाघळांचे नाव सतत का येते?

त्यांच्या प्रजाती पुष्कळ, वसाहती दाट आणि त्यांच्यातल्या अ‍ॅस्ट्रोव्हायरस व कोरोनाव्हायरसची विविधता खरोखर मोठी. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात २०१६-१७ मध्ये सुमारे २५ हजार डुकराची पिले ज्या अतिसाराने मेली, त्याचा विषाणू वटवाघळांतल्या एचकेयू२ या कोरोनाव्हायरसच्या कुळातला निघाला. त्या फार्मवरच्या कामगारांत संसर्गाचा पुरावा मिळाला नाही. वटवाघळांना हाकलून किंवा मारून काही साधत नाही. त्यांच्या विष्ठेचा पाळीव जनावरांच्या खाद्याशी संबंध येऊ न देणे हाच उपाय.

आतड्याचा विषाणू दुसऱ्या अवयवात जाऊ शकतो का?

हो, आणि कधी कधी त्यासाठी जीनोममध्ये झालेला बदल नेमका दाखवता येतो. डुकरांच्या टीजीई या जीवघेण्या अतिसाराच्या कोरोनाव्हायरसमधून स्पाइक जनुकाचा सहा-सातशे अक्षरांचा तुकडा गळाला आणि १९८४ मध्ये बेल्जियममध्ये श्वसनमार्गाचा एक सौम्य विषाणू दिसू लागला. त्याने झालेल्या प्रतिकारशक्तीमुळे मूळ अतिसाराचा जोरही कमी झाला. मांजरांत उलट होते. आतड्यात निरुपद्रवी राहणारा कोरोनाव्हायरस काही मांजरांत बदलतो, भक्षक पेशींत शिरतो आणि एफआयपी हा घातक आजार होतो.

अ‍ॅस्ट्रोव्हायरसने तर सगळ्यांनाच चकित केले. पोटाचा साधा विषाणू म्हणून दुर्लक्षित असलेला हा गट गायी, मिंक आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांच्या मेंदूत सापडला. माणसांतले यातले काही वाण नेहमीच्या आठ मानवी प्रकारांपेक्षा मिंक आणि मेंढीच्या अ‍ॅस्ट्रोव्हायरसच्या जास्त जवळचे आहेत.

पोलिओच्या लसीतला विषाणू बदलतो, हे खरे का?

खरे आहे, आणि ते लपवून लसीचे भले होत नाही. तोंडावाटे देण्याच्या लसीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. लसीकरण अपुरे असलेल्या वस्तीत तो मुलांमुलांतून फिरत राहिला, तर बदल साचतात आणि कधी तो पुन्हा लकवा आणू शकतो. पोलिओच्या व्हीपी१ जनुकात वर्षाला साधारण १ टक्का अक्षरे बदलतात. हा वेग इतका नियमित आहे की मूळ लसीपासूनचा फरक मोजून विषाणू किती काळ फिरतो आहे ते सांगता येते. या वाटेवर तो आतड्यातल्या इतर सी प्रजातीच्या एंटरोव्हायरसकडूनही तुकडे घेतो. २०२१ पासून वापरात आलेल्या दुसऱ्या प्रकारच्या नव्या तोंडी लसीत जीनोम मुद्दाम अधिक स्थिर केला आहे. जिथे बहुतेक सगळ्या मुलांना लस मिळालेली असते, तिथे या विषाणूला फिरायला फारशी संधी मिळत नाही.

निरोगी माणसाच्या आतड्यातल्या फाजबद्दल काय माहीत आहे?

जन्मतः बाळाच्या आतड्यात विषाणू जवळपास नसतात. महिन्याभरात येतात ते मुख्यतः पहिल्या जीवाणूंच्या जीनोममध्ये लपून आलेले फाज. मोठेपणी प्रत्येकाचा फाजसंच स्वतःचा असतो. जुळ्या भावंडांतसुद्धा तो वेगळा निघतो आणि वर्षभर बराचसा तसाच राहतो.

२०१४ मध्ये क्रॅसफाज सापडला तो कुठल्याही काचपात्रात न वाढवता, आधीच जाहीर झालेल्या जनुकीय नोंदी संगणकावर जुळवून. सुमारे ९७ हजार अक्षरांचा हा जीनोम जगभरच्या माणसांच्या विष्ठेत मुबलक होता आणि तोवर कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्याच्या कुळातला एक फाज प्रत्यक्ष वाढवता आला तो २०१८ मध्ये, बॅक्टेरॉइड्स जीवाणूवर. २०२१ च्या एका संग्रहात मानवी आतड्यातल्या १ लाख ४२ हजारांहून अधिक वेगळ्या फाज जीनोमची नोंद झाली.

सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जीनोम वाचताना, नवा विषाणू दिसला म्हणजे नवा आजार आला का?

नाही. आधी तो खरोखर नमुन्यातला आहे का ते पाहावे. २०१३ मध्ये हिपॅटायटिसच्या रुग्णांत सापडलेला एक ‘नवा’ विषाणू प्रत्यक्षात आरएनए-डीएनए वेगळे काढायच्या किटमधल्या सिलिकाच्या स्तंभातून आलेला होता. म्हणून नमुन्यांच्या प्रत्येक गटाबरोबर नुसत्या पाण्याचा नमुना चालवलाच पाहिजे. मग तो कुणाच्या पेशीत राहतो ते पाहावे. पिकोबिर्नाव्हायरस माणूस, डुक्कर, कोंबडी अशा कित्येकांच्या विष्ठेत आढळतो आणि बरीच वर्षे तो प्राण्यांचा विषाणू समजला गेला. त्याच्या जीनोममध्ये जीवाणूंच्या पद्धतीच्या खुणा आहेत, त्यामुळे त्याचा खरा यजमान जीवाणू असावा असे अनेक अभ्यासक मानतात. निरोगी व्यक्तींचे नमुने सोबत तपासल्याशिवाय आजाराशी संबंध जोडणे तर मुळीच योग्य नाही.

सांडपाणी तपासून काय कळते?

डॉक्टरकडे न गेलेल्यांचेही विषाणू कळतात. २०२२ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कच्या सांडपाण्यात लसजन्य पोलिओ विषाणू सापडला आणि जीनोमवरून दोन्हींचा एकमेकांशी संबंध असल्याचे दिसले. पण सांडपाण्यात सगळ्यांचे सगळे मिसळलेले असते. रोटाव्हायरसच्या जीनोमचे ११ तुकडे एकाच कणातले की वेगवेगळ्या, हे त्यातून सांगता येत नाही. वस्तीतला कल त्यातून पाहावा, वंशावळ मात्र रुग्णाच्या नमुन्यावरून काढावी.

प्रकार कळला तर उपचार बदलतो का?

रुग्णाच्या बाबतीत, बहुतेकदा नाही. रोटा असो की नोरो, कुठलाही प्रकार असो, शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे हाच मुख्य उपचार. बाळ सुस्त झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा पाणी पोटात टिकत नसेल, तर जीनोटाइपची वाट पाहू नका, ताबडतोब डॉक्टरकडे न्या. हात धुताना साबण-पाणी वापरा, कारण नोरोव्हायरसवर अल्कोहोलचे जेल फारसे चालत नाही.

खर्च कमी करायचा तर एक-दोन जनुके वाचून भागेल का?

साथ ओळखायला भागेल, तिचा उगम शोधायला नाही. २०१३ नंतर अनेक देशांत वाढलेला जी३पी[८] हा रोटाव्हायरस नेहमीच्या पीसीआर तपासणीत (जी ठरावीक जनुकेच ओळखते) जुन्या ओळखीच्या जी३पी[८] सारखाच दिसत होता. सगळे तुकडे वाचल्यावर कळले की त्याचे व्हीपी७ घोड्यांच्या वाणांशी जुळते आणि आतला संच डब्ल्यूए ऐवजी डीएस-१ घराण्याचा आहे. फक्त जी आणि पी पाहणाऱ्या प्रयोगशाळेच्या वहीत काहीच बदललेले नव्हते.

म्हणून सगळ्या नमुन्यांचे शक्य नसेल तर निवडक नमुन्यांचे तरी संपूर्ण जीनोम वाचावेत. पहिल्या दिवसांतली विष्ठा घ्यावी, कारण तेव्हा कण भरपूर असतात. ती उणे ७० अंश किंवा त्याहून थंड ठेवावी आणि पुन्हा पुन्हा वितळवू नये. नमुन्याबरोबर रुग्णाचे वय, तारीख, लसीच्या मात्रा आणि घरी किंवा आसपास कोणती जनावरे आहेत हे लिहून ठेवावे. त्याच काळात त्याच परिसरातल्या वासरांचे आणि पिलांचे नमुने मिळाले तर तेही घ्यावेत, जुलाब झालेल्यांचे आणि न झालेल्यांचेही. माणसांचे क्रम एका ठिकाणी, जनावरांचे दुसऱ्या ठिकाणी आणि दोन्हींची कधी तुलनाच नाही, अशी स्थिती असेल तर घोड्याकडून आलेले जनुक ओळखायला समोर ठेवायला घोड्याचा क्रमच नसतो.